रुळांपलीकडचं हुआ हिन

हुआ हिनच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येतो आणि डोंगराआड मावळतो. डहाणू ते वेंगुर्ला या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, आणि उलटेपणा तेवढ्यावर थांबत नाही. जून-जुलैत नैर्ऋत्येचे वारे कोकणाला झोडपत असतात, तेव्हा थायलंडच्या आखाताचा हा पश्चिम काठ बराचसा कोरडा असतो. गावाच्या पाठीशी, म्यानमारच्या सीमेवर, तेनासरीमची डोंगररांग आहे. ढग पलीकडे, अंदमान समुद्राच्या अंगाला रिकामे होतात आणि अलीकडे पर्जन्यछाया पडते. वर्षाकाठी पाऊस जेमतेम हजार मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत. समुद्रकाठी असूनही हा अननसाचा मुलूख आहे. हुआ हिन ज्या प्राचुआप खिरी खान प्रांतात येतं, तो थायलंडमधला अननसाचा आघाडीचा प्रांत.

बँकॉकपासून साधारण २०० किलोमीटरवरचं हे गाव परदेशी निवृत्तांमध्ये लोकप्रिय आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, स्वित्झर्लंड, ब्रिटन अशा देशांतले लोक इथे वर्षानुवर्षं राहतात. थायलंडमधली दुसरी समुद्रकाठची गावं, पट्टाया किंवा फुकेत, परदेशी पर्यटकांच्या पैशावर वाढली. हुआ हिनचं तसं नाही. ते थाई लोकांनी थाई लोकांसाठी वसवलेलं विश्रांतीचं गाव आहे, आणि परदेशी माणसाचं तिथलं सगळं आयुष्य समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

१९११ मध्ये दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग इथे पोचला, तोपर्यंत ही कोळ्यांची वस्ती होती. रेल्वेचे प्रमुख राजपुत्र पुरछत्र यांना जागा आवडली. १९२३ मध्ये रेल्वेने समुद्राला लागून आपलं हॉटेल उघडलं, पुढच्या वर्षी गोल्फचं मैदान तयार झालं. सातवे राम, म्हणजे राजे प्रजाधिपोक, यांनी १९२६ मध्ये किनाऱ्यावर ‘क्लाय कांगवॉन’ हा राजवाडा बांधायला घेतला. नावाचा अर्थ ‘चिंतेपासून दूर’. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये क्रांती झाली आणि राजाची निरंकुश सत्ता गेली, तेव्हा राजेसाहेब याच वाड्यात होते. पुढे राजे भूमिबोल यांचाही इथे दीर्घ मुक्काम असे. राजा जिथे उन्हाळा काढतो तिथे सरदार-दरकदार बंगले बांधणारच, आणि त्यांच्यामागून बँकॉकचे व्यापारी. जुनं रेल्वे हॉटेल आजही पंचतारांकित थाटात चालू आहे. ‘द किलिंग फील्ड्स’ या १९८४ च्या चित्रपटात नोम पेन्हमधलं हॉटेल म्हणून दिसतं ते हेच.

आता गावाचा नकाशा पाहा. पूर्वेला समुद्र, त्याला लागून राजवाडा, जुने बंगले, मोठी हॉटेलं आणि उंच इमारती. त्यांच्यामागे उत्तर-दक्षिण जाणारा फेत्कासेम रस्ता, म्हणजे थायलंडचा महामार्ग क्रमांक ४. त्याच्या मागे रेल्वे. आणि रेल्वेच्या पश्चिमेला, डोंगराकडे, सोय ८८, सोय १०२, सोय ११२ अशा आकड्यांच्या गल्ल्या आत आत गेलेल्या. ‘समुद्रकाठी राहायला आलो’ असं घरी कळवणारे बहुतेक परदेशी प्रत्यक्षात या गल्ल्यांमध्ये राहतात. अननसाच्या शेतांचे तुकडे पाडून उभारलेल्या कुंपणबंद वसाहती, एकमजली बंगले, प्रत्येकाला छोटा तरणतलाव. समुद्र तिथून पाच-दहा किलोमीटर. ज्यांना रोज पाण्याजवळ राहायचं असतं ते काठावरच्या किंवा दक्षिणेला खाओ ताकिआप टेकडीच्या बाजूच्या इमारतीत फ्लॅट घेतात. या निवडीमागे किमतीचा भाग आहेच, पण त्याहून मोठा भाग कायद्याचा आहे.

थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीला जमीन विकत घेता येत नाही. १९५४ चा जमीन कायदा याबाबत स्पष्ट आहे आणि मोजके अपवाद सोडले तर तो सैल झालेला नाही. फ्लॅटचं वेगळं: इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतचे फ्लॅट परदेशी लोकांच्या पूर्ण मालकीचे असू शकतात. अट अशी की पैसा परदेशातून, परदेशी चलनात आलेला असला पाहिजे आणि तसा बँकेचा दाखला हवा. बंगला हवा असेल तर जमीन भाड्याने घ्यायची, जास्तीत जास्त ३० वर्षांसाठी, आणि वर उभं राहणारं बांधकाम आपल्या नावावर करायचं. बांधकाम व्यावसायिक ‘३० अधिक ३० अधिक ३०’ अशी नव्वद वर्षांची जाहिरात करतात. त्यातली पहिली तीस वर्षं तेवढी भूमी कार्यालयात नोंदवलेली असतात. पुढच्या साठ वर्षांचं वचन हा दोन माणसांमधला करार. जमीनमालक बदलला किंवा वारला, की नव्या मालकावर तो बंधनकारक राहीलच असं नाही. पन्नाशीत आलेल्याला तीस वर्षं पुरेशी वाटतात. ऐंशीव्या वर्षी घर सोडावं लागलं तर काय, हा प्रश्न विक्रीच्या कार्यालयात कोणी काढत नाही.

थाई पत्नीच्या नावावर जमीन घेणं हा आणखी एक रस्ता. त्यासाठी पतीला भूमी कार्यालयात लिहून द्यावं लागतं की हा पैसा माझा नाही, तिचा स्वतःचा आहे. संसार मोडला तर हा कागद बोलतो. पत्नी आधी गेली तर वारशाने आलेली जमीनही त्याला ठरावीक मुदतीत विकावी लागते. यावर वकिलांनी काढलेला तोडगा म्हणजे आयुष्यभराचा उपभोगाचा हक्क भूमी कार्यालयात नोंदवून ठेवणं: जमीन कोणाचीही असो, जिवंत असेपर्यंत राहण्याचा अधिकार शाबूत. माझ्या मते सगळ्या पर्यायांत हा सर्वांत प्रामाणिक. सर्वांत अप्रामाणिक पर्याय कंपनीचा. नावापुरते थाई भागीदार उभे करून ५१ टक्के भाग त्यांच्याकडे दाखवायचे आणि कंपनीच्या नावाने जमीन घ्यायची. हा सरळ बेकायदा व्यवहार आहे आणि सरकारने अलीकडच्या वर्षांत अशा कंपन्यांची तपासणी कडक केली आहे.

हा कायदा परदेशी लोकांना जाचक वाटतो, पण मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये. आपल्याकडे फेमा कायद्यानुसार पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला स्थावर मालमत्ता घेता येत नाही. तरीही गोव्यात, विशेषतः मोरजी-आश्वेच्या बाजूला, २००० नंतरच्या दशकात परदेशी लोकांनी जमिनी घेतल्याची प्रकरणं गाजली, सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशा झाल्या. वाट तीच होती: कंपन्या आणि स्थानिक नावं. गोवेकर तेव्हा ज्या कारणाने चिडले, तेच कारण थाई कायद्याच्या मुळाशी आहे. किनारपट्टीची जमीन थोडी असते, बाहेरचा पैसा मोठा असतो.

राहण्याच्या परवान्याचं गणितही याच विचारातून येतं. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी व्यक्तीला निवृत्त म्हणून राहता येतं, पण बहुतेकांना एका वेळी एकच वर्ष. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट ठेवलेले असावे लागतात, किंवा महिना ६५ हजार बाटांचं उत्पन्न दाखवावं लागतं. आपल्या हिशेबाने ८ लाख बाट म्हणजे वीस लाखांहून अधिक रुपये. अर्जाच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने त्या रकमेला हात लावायचा नाही, आणि उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाट. वीस वर्षं राहिलात तर वीस वेळा हे करायचं. वीस वर्षांनीही कायमचा रहिवास आपोआप मिळत नाही. त्याचा कोटा एका राष्ट्रीयत्वामागे वर्षाला १०० जणांचा आहे, आणि निवृत्तांसाठी ती वाट जवळपास बंदच म्हणायची.

मधल्या काळातले नियम याहून चिवट. दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा. ज्याच्या घरात राहता त्या मालकाने तुम्ही आल्याची नोंद चोवीस तासांत करायची. तिला सगळे फॉर्मच्या नावानेच, ‘टीएम ३०’ म्हणून ओळखतात. देशाबाहेर जायचं तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा शिक्का घ्यायचा, एका फेरीला १ हजार बाट आणि कितीही फेऱ्यांना ३,८००. तो विसरून नातवंडांना भेटायला गेलात, तर विमानाने सीमा ओलांडताच वर्षभराचा परवाना संपला. परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २० हजार, आणि ९० दिवसांच्या पुढे गेलात तर प्रवेशबंदी. त्यामुळे हुआ हिनमधल्या परदेशी लोकांच्या गप्पांत हवापाण्याइतकाच वेळ पासबुकाच्या ताज्या नोंदी आणि फोटोच्या आकाराला मिळतो. काही लोक हा सगळा व्याप एजंटावर सोपवतात. त्यातले काही एजंट बँकेतली शिल्लकसुद्धा तात्पुरती ‘जमवून’ देतात. ते किती धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको.

पन्नाशीच्या आतल्यांसाठी, म्हणजे लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी, जुलै २०२४ पासून पाच वर्षांचा ‘डीटीव्ही’ नावाचा व्हिसा आहे. ५ लाख बाटांची शिल्लक दाखवायची, एका वेळी १८० दिवस राहायचं. या पिढीला जमीन नको असते, भाड्याचा फ्लॅट आणि वेगवान इंटरनेट पुरतं. त्यामुळे त्यांचे प्रश्नही कमी.

निवृत्ताला मात्र एक गोष्ट फार जड जाते: काम करायला बंदी. पगाराचं सोडाच, फुकट कामालाही परवाना लागू शकतो. केस कापणं, थाई मालिश, पर्यटकांना गाव दाखवणं, रस्त्यावर माल विकणं ही कामं तर थाई नागरिकांसाठी राखीवच आहेत. आयुष्यभर सुतारकाम किंवा शिक्षकी केलेल्या माणसाला शेजाऱ्याचं कपाट दुरुस्त करतानाही कायद्याचा विचार करावा लागतो. गोल्फ, पूल, ब्रिज आणि बिअर यांवर वर्ष-दोन वर्षं छान जातात. पहिल्या उत्साहानंतर जे परत फिरतात, त्यांच्या बाबतीत उन्हापेक्षा ही रिकामी दुपार जास्त कारणीभूत असावी, असं मला वाटतं. भाषा हा त्यावरचा एक खरा उपाय आहे. थाईत पाच स्वर, म्हणजे सूर आहेत. तोच शब्द चढत्या आणि उतरत्या सुरात वेगळा. पण लिपी ब्राह्मीच्या कुळातली, ‘क’ वर्गापासून सुरू होणारी, म्हणून देवनागरी येणाऱ्याला ती युरोपीय माणसाहून लवकर उमगते. बाजारात भाव विचारण्यापुरती थाई आली की गावातल्या चाटचाय बाजारातल्या भाजीवाल्या बाईचं वागणं बदलतं.

पैशाचा हिशेबही स्थिर नसतो. पेन्शन एका चलनात येते, खर्च दुसऱ्यात होतो. २००५ च्या सुमारास एका ब्रिटिश पौंडाला ७० बाटांच्या आसपास मिळत, आता ४० ते ४५ मिळतात. त्यावर कडी म्हणजे ब्रिटनचं सरकारी निवृत्तिवेतन थायलंडमध्ये राहणाऱ्याला वाढत नाही. देश सोडताना जो आकडा होता तोच शेवटपर्यंत. फिलिपिन्समध्ये राहिला असता तर दरवर्षी वाढ मिळाली असती, कारण त्या देशाशी ब्रिटनचा करार आहे. १ जानेवारी २०२४ पासून आणखी एक बदल झाला. वर्षातले १८० दिवस थायलंडमध्ये काढणाऱ्याने त्या तारखेनंतर परदेशात कमावलेलं उत्पन्न कोणत्याही वर्षी देशात आणलं तर ते करपात्र ठरू लागलं. पूर्वी एक वर्ष थांबून आणलं की सुटका होत असे.

रोजचं जगणं त्या मानाने सोपं आहे. गावातून खाओ ताकिआपकडे हिरव्या सोंगथेव जातात, म्हणजे मागे दोन बाकं टाकलेल्या टमटमवजा गाड्या. हात केला की थांबतात. खाओ ताकिआपवर देऊळ आहे, समुद्राकडे तोंड केलेली बुद्धाची उंच उभी मूर्ती आहे आणि हातातली पिशवी ओढणारी माकडं आहेत. राजवाड्यासमोरच्या किनाऱ्यावर फिरायला जायचं नाही, हे नवा माणूस पहिल्याच आठवड्यात शिकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाव भरलेलं असतं, उत्तर युरोपातली हिवाळ्यापुरती येणारी मंडळी याच काळातली. पण तेव्हा ईशान्येचा वारा असतो आणि समुद्र बऱ्याचदा खवळलेला. एप्रिलमध्ये उकाडा असह्य होतो, सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्टीत बँकॉक इथे उतरतं. ऑक्टोबरात एखाद्या मोठ्या पावसाने गल्ल्या तुंबतात. भाड्याने राहून ही तिन्ही रूपं पाहिल्याशिवाय घराचा विचार करू नये, हा जुन्या रहिवाशांचा सल्ला रास्त आहे.

मराठी शाकाहारी माणसाची पंचाईत ताटात होते. साध्या परतलेल्या भाजीतही माशाचं पाणी, ‘नाम प्ला’, असतं. सुटकेचा शब्द ‘जे’. पिवळ्या फलकावर तांबड्या अक्षरांत तो लिहिलेला असला की तिथे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस थायलंडमधले असंख्य लोक असं जेवतात, आणि ते दिवस बहुधा आपल्या नवरात्रातच पडतात.

दुहेरी दरांबद्दल युरोपीय रहिवासी फार कुरकुरतात. जवळच्या खाओ साम रोय योत राष्ट्रीय उद्यानात थाई माणसाला ४० बाट आणि परदेशी माणसाला २०० बाट. दहा वर्षं राहिलेला माणूस म्हणतो, मी इथलाच ना? अजिंठा-वेरूळला भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये लागतात, हे त्यांना ठाऊक नसावं. गंमत अशी की बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा सदस्य म्हणून थाई पर्यटकाला अजिंठ्याला आपल्याच दरात प्रवेश मिळतो. परतफेड मात्र हुआ हिनला होत नाही.

खरी भीती आहे ती रस्ता आणि रुग्णालय यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत रस्ते अपघातांतल्या मृत्यूंचं थायलंडमधलं प्रमाण जगातल्या वरच्या फळीत येतं, आणि मरणाऱ्यांत बहुसंख्य दुचाकीवरचे असतात. परदेशी लोक सोयीसाठी स्कूटर भाड्याने घेतात. दुचाकीचा वैध परवाना नसेल तर विमा कंपनी दावा फेटाळते. गावात चांगली खासगी रुग्णालयं आहेत, सरकारी रुग्णालयही आहे, पण खासगीतलं हृदयाचं किंवा मणक्याचं एक आजारपण बँकेतल्या त्या ८ लाख बाटांना सहज गिळू शकतं. सत्तरीनंतर नवा आरोग्यविमा मिळणं कठीण, मिळालाच तर हप्ता भारी. राहण्याच्या परवान्याच्या एका प्रकारात, ‘ओ-ए’मध्ये, विमा सक्तीचा आहे, दुसऱ्यात नाही, आणि नेमके तिथलेच लोक विनाविमा राहतात.

हुआ हिनच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांत भारतीय लग्नं धूमधडाक्यात होतात. वऱ्हाडी म्हणून चार दिवस राहून आलेल्या कोणाच्या मनात इथे कायमचं यावं असं येऊ शकतं, म्हणून आपल्याकडच्या कागदांचंही सांगायला हवं. निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. सध्या १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो, तो विवरणपत्रात वळता होतो. पण अनिश्चित काळासाठी देश सोडला की तुम्ही अनिवासी ठरता. मग अडीच लाख डॉलरची ही मुभा राहत नाही, बचत खातं ‘एनआरओ’ करावं लागतं, पैसा त्यातून बाहेर काढावा लागतो, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. इथल्या मेडिक्लेम पॉलिसी बहुतांशी भारतातल्या उपचारांपुरत्याच असतात. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला द्यायचा तो वेगळाच.

जोडप्याने जायचं असेल तर आणखी एक गोष्ट. बहुतेक वेळा परवाना पतीच्या नावावर असतो आणि पत्नी त्याच्यावर अवलंबून म्हणून राहते. तो गेला की तिच्या राहण्याचा आधारही जातो. बँकेला मृत्यू कळताच खातं गोठतं, आणि थाई न्यायालयाने व्यवस्थापक नेमल्याचा आदेश येईपर्यंत ते उघडत नाही. भारतात केलेलं मृत्युपत्र भाषांतर आणि साक्षांकन करून तिथे चालवता येतं, पण त्यात वेळ जातो. अंत्यविधीला अडचण येत नाही. गावातल्या बौद्ध विहारांत, म्हणजे ‘वात’मध्ये, परदेशी माणसाचंही दहन होतं, दूतावासाचं पत्र लागतं. अडचण येते ती मागे राहिलेल्या बाईला: घराचा भाडेकरार त्याच्या नावाचा, गाडी त्याच्या नावाची, बँकेत तिचं खातं नाही आणि परवान्याची मुदत संपत आलेली. म्हणून तिथले वकील दोन गोष्टी पहिल्याच वर्षी करायला सांगतात. थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र थाई भाषेत करून ठेवायचं, आणि पत्नीची पन्नाशी उलटली असेल तर दुसरे ८ लाख बाट तिच्या स्वतःच्या खात्यात टाकून तिचा परवाना वेगळा काढायचा.